आभाराचं चौथं घर

आई फोनवर आधी जेवलीस का विचारते. त्या दिवशी विचारलं नाही.

"रविवारपासून आगमनकाळ लागतोय," ती म्हणाली. "ह्या वर्सीची चार घरं ठरिवली मी. चौथ्या घराला तू पायजेस."

"कुणाचं घर?"

"दवाखान्यातल्या मावशीचं."

मी साताऱ्याच्या प्रेसमध्ये होते. समोर एका मोर्चाच्या पत्रकाचं प्रूफ होतं. तिसऱ्या मागणीत एक शब्द दोनदा पडला होता. त्यावर काट मारली आणि "नाही" म्हणाले. आई म्हणाली, "बरं. अजून येळ हाय," आणि फोन ठेवला.

आमचं गाव कडेगाव तालुक्यातलं. ख्रिस्ती घरं पंधरा-सोळा, एक छोटं चर्च आणि महिन्यातून दोनदा येणारे पाळकसाहेब. नाताळाआधीच्या चार आठवड्यांना आमच्याकडे आगमनकाळ म्हणतात. या चार आठवड्यांत आमच्या मंडळीत आभाराची घरं घेतात. दुसरीकडे कुठे ही पद्धत असल्याचं मी ऐकलेलं नाही. कुणा जुन्या पाळकबाईंनी सुरू केली म्हणतात. चार रविवार, चार घरं. ज्यानं आपल्यासाठी काही केलं आणि ज्याला आपण ते कधी बोललो नाही, त्याच्या घरी उपासनेनंतर जायचं. रिकाम्या हातानं जायचं, कारण काही नेलं की परतफेड होते. त्यानं काय केलं ते नेमकं सांगायचं. "तुमचं लय सहकार्य झालं" असं मोघम चालत नाही. आणि ज्याचे आभार मानायचे त्यानं शेवटपर्यंत गप्प बसून ऐकायचं. "आवं त्यात काय" म्हणायची मुभा नाही. चहा सगळं बोलून झाल्यावर.

लहानपणी मला ही घरं आवडायची, चहाबरोबर बिस्किटं मिळायची म्हणून. नंतर राग यायला लागला.

राग बाबांकडून आला. बाबा चर्चचे नव्हते, कुठल्याच देवळाचे नव्हते. त्यांचं घराणं आटपाडीकडचं, मेंढरांमागं फिरणारं. आईशी लग्न केलं, इकडे आले आणि आयुष्यभर पत्रकं काढली. पाण्याची, रोजगार हमीची, शाळेच्या गळक्या छपराची. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या प्रुफांवर. आमच्या घरात जेवताना ताटाखाली पत्रक असायचं, पेनाची शाई उतरते का बघायला पत्रक असायचं, वह्यांना कव्हर पत्रकांचं. एकदा कालव्याला पाणी आलं तेव्हा नाक्यावर भला मोठा फ्लेक्स लागला, 'जाहीर आभार', वर पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. बाबांनी दुसऱ्या दिवशी पत्रक काढलं. त्यात लिहिलं होतं की पाणी आमच्या हक्काचं आहे, आभार मानायचे तर चर खणणाऱ्यांचे माना. ते पत्रक मला पाठ होतं. मी शाळेत बाईंच्या वाढदिवशी तेच म्हणून दाखवलं आणि बाईंनी आईला बोलावून घेतलं.

त्यामुळे कृतज्ञता हा शब्द माझ्या कानाला कायम वरून खाली येणारा वाटत आला. ज्यांच्याकडे काही नाही त्यांनाच तो शिकवतात. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. पण आईच्या त्या फोनच्या वेळी मला रागही येत नव्हता, हे सांगायला हवं. काहीच येत नव्हतं.

बाबा नवरात्राच्या आधी गेले. डोक्यात रक्तस्राव झाला होता. कराडच्या एका दवाखान्यात अकरा दिवस होते. त्यातले तीन दिवस मी होते, पहिला आणि शेवटचे दोन. उरलेले आठ दिवस साताऱ्यात अंगणवाडी सेविकांच्या धरण्याची पत्रकं लिहीत होते, कारण बाबांनीच पहिल्या दिवशी शुद्धीत असताना सांगितलं होतं, "तू जा. हितं बसून काय करणार?" मी गेले. दहाव्या दिवशी आले तेव्हा त्यांचे दोन्ही हात कॉटच्या दांड्याला कापडाच्या पट्टीनं बांधलेले होते. मी फोटो काढला. कुणाला काही विचारलं नाही. अकराव्या दिवशी ते गेले.

आठवडाभर मी बोलले नाही. मग एका सकाळी उठून पत्रक लिहिलं. मथळा होता, 'हात कुणी बांधले?' आयुष्यभर ज्या हातांनी लोकांसाठी लिहिलं ते हात जनावरासारखे बांधून ठेवणारी यंत्रणा, वगैरे. नाव कुणाचंच नव्हतं, फक्त 'त्या कक्षातील महिला कर्मचारी' असं होतं. सिस्टर सोडल्या तर त्या कक्षात महिला कर्मचारी एकच होती, दिवसपाळीची मावशी. पिवळ्या कागदावर हजार प्रती काढल्या आणि कराडच्या स्टँडवर आणि दवाखान्याच्या फाटकावर स्वतः वाटल्या. लोकांनी घेतल्या, वाचल्या. दवाखान्यानं चौकशी केली म्हणे, आणि मावशीला वॉर्डातून काढून कपडे धुण्याच्या विभागात टाकलं. मला ते कळलं तेव्हा मी, खरं सांगते, विजय म्हणून मोजलं.

आगमनाच्या पहिल्या आठवड्यात आईनं पुन्हा फोन केला. या वेळी ती लांबण न लावता बोलली.

"तिनं न्हाई बांधलं. मीच म्हणलं बांधा."

मी फोन घेऊन प्रेसच्या बाहेर आले.

"नाकातली नळी त्यांनी दोनदा उपसली. रक्त आलं. डॉक्टर म्हणलं, आता तिसऱ्यांदा काढली तर अवघड हाय. ती बाई न्हाई म्हणत हुती. म्हणली, ताई, मी धरून बसते. बसली बी. पण तिला बाकीचं पेशंट हायत का न्हाईत? मग मीच म्हणलं, बांधा. तिनं बांधलं."

"मग पत्रक छापलं तेव्हा का नाही बोललीस?"

मागं उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता, गाणं लावलेलं.

"तू आठ दिस तोंड उघडलं न्हवतंस," ती म्हणाली. "पत्रक लिवायला बसलीस, आन् मला म्हणलीस, आई, चहा दे. म्हणलं, लिवू दे."

बाबा गेल्यापासून चर्चमध्ये दोनदा प्रभुभोजन झालं होतं, म्हणजे मेजावरची भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी पुढे जाऊन घ्यायचा विधी. दोन्ही वेळा आई जागेवरून उठली नाही. पाळकसाहेबांना वाटलं, दुःख आहे. दुःख होतंच. पण आमच्यात सांगतात की कुणाशी वाकडं असेल तर आधी ते सरळ करून ये, मग मेजाशी ये. आईनं हे अक्षरशः धरलं होतं. नाताळच्या सकाळी पुन्हा प्रभुभोजन होतं. लग्नानंतर बत्तीस वर्षांत नाताळचं मेज तिनं एकदाही चुकवलेलं नव्हतं, माझ्या जन्माच्या वर्षीही नाही. आता त्या बाईच्या दारात जाऊन आल्याशिवाय ती उठणार नव्हती. आणि चौथ्या, शेवटच्या घराला घरातल्या सगळ्यांनी जायचं असतं. घरात आता दोघीच होतो.

"मला काही वाटत नाही गं, आई," मी म्हणाले. "आभार म्हणजे काहीतरी वाटायला हवं ना? मला काहीच वाटत नाही."

"वाटायचं कोण म्हणतंय?" आई म्हणाली. "नेम हाय त्यो. करायचा. रोज एकाला बोलायचं, काय केलं ते सांगून. सवय व्हती. चौथ्या रविवारपतूर तोंड उघडंल तुझं."

मी ते सुरू केलं, ते पटलं म्हणून नव्हे. रोज संध्याकाळी सहाला आईचा फोन यायचा, "आज कुणाचं?" आणि उत्तर नसलं की ती "बरं" म्हणायची. त्या "बरं"चा कंटाळा आला म्हणून.

पहिला धरला आमच्या प्रेसमधला डीटीपीवाला. त्याच्या खुर्चीजवळ जाऊन म्हणाले, "गेल्या महिन्यात मी पत्रकात तारीख चुकीची दिली होती. तुम्ही फोन करून विचारलंत. नाहीतर लोक चुकीच्या दिवशी मोर्चाला आले असते. आभारी आहे."

त्यानं मॉनिटरवरून मान वळवली. "नोकरी सोडताय?"

"नाही."

"मग आजारी हाय काय कोण?"

"नाही हो. नुसतं सांगितलं."

तो दिवसभर माझ्याकडे संशयानं बघत होता. संध्याकाळी म्हणाला, "त्या तारखेचं सायबांना सांगू नका बरं का, आपल्यातच ठेवा."

कंडक्टरला सांगितलं की परवा म्हातारीला चढता येईना तेव्हा तुम्ही गाडी थांबवलीत. तो म्हणाला, "मॅडम, तक्रार हाय का? असंल तर डेपोत करा, इथं नको." खानावळीच्या काकूंना सांगितलं की महिनाभर मी ताट अर्धं टाकते, तुम्ही एकदाही काही बोलला नाहीत. काकू म्हणाल्या, "बोलणारच हुते," आणि बोलल्या. मी प्रत्येकाला वाक्यं पूर्ण करून सांगत होते, स्थळ, दिवस, काय केलं. पत्रकाचीच शिस्त होती ती: कोण, कुठे, केव्हा. फक्त मागणी नव्हती. पत्रक संपताना मागणी असते, त्यामुळे माझं प्रत्येक आभारप्रदर्शन शेवटी लटकत राहायचं आणि मी तशीच उभी राहायचे.

वाटत काहीच नव्हतं. दात बधिर केल्यावर गालाला हात लावला की हाताला गाल कळतो, गालाला हात कळत नाही, तसं.

दुसऱ्या रविवारी मी गावी गेले. त्या आठवड्याचं घर गिरणीवाल्या भाऊंचं होतं. आई त्यांच्या ओसरीवर ताठ बसली आणि म्हणाली, "भाऊ, आमी कराडला हुतो तवा अकरा दिस तुमी आमच्या कोंबड्यास्नी दाणं टाकलं—"

"आवं वैनी, त्यात काय—"

"गप बसा. व्हायचंय अजून."

भाऊ गप्प बसले. मोठा धिप्पाड माणूस, भुवयांवर पीठ, गप्प बसायच्या कष्टानं लाल झाला.

"दार उघडंच ऱ्हायलं हुतं. तुमी कडी घातली. आल्यावर डब्यात पीठ भरलेलं हुतं. म्या दळाय टाकलं न्हवतं. तुमी आपल्या मनानं दळलं. भाकरी कराय पीठ हाय म्हणून त्या दिवशी चूल पेटली. न्हाईतर म्या पेटवली नसती."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, बोलू का आता असं. आईनं मान हलवली.

"आवं, त्यो डबा तुमचा न्हवताच," भाऊ म्हणाले. "शेजारणीचा हुता. ती अजून मला इचारती, माझा डबा कुठाय."

आई हसली. बाबा गेल्यावर पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं, आणि मला दिसलं की समोरच्या दाताच्या कडेला तिचा एक दात पडलाय. कधी पडला विचारलं तर म्हणाली, "झालं की दोन म्हैनं."

परत येताना मी तिला विचारलं, "तिनं दारात उभं केलं नाही तर?"

"तर दारातनं बोलायचं."

"आणि तिनं शिव्या दिल्या तर?"

"आधी आपुन बोलायचं. मग तिनं दिऊ देत."

चौथा रविवार उजाडला. उपासना झाल्यावर आम्ही कराडची गाडी धरली. कारखाने चालू होते, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, गाडी बैलाच्या चालीनं जात होती. आई खिडकीशी बसून ओठातल्या ओठात वाक्यं घोकत होती. जन्मात ती कधी चारचौघांत बोललेली नाही. ते काम बाबांचं आणि माझं.

मावशीचं घर गावाबाहेरच्या वस्तीत, दोन खोल्या, दाराला निळा रंग. ती स्वतःच दारात तांदूळ निवडत बसली होती. पन्नाशीची असेल. आम्हाला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"या," ती आईला म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "पत्रकवाली न्हवं ही?"

"व्हय," आई म्हणाली.

"बसा."

आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि मुलीचा पदवीच्या काळ्या झग्यातला फोटो. आम्ही चटईवर बसलो. आईनं पद्धत समजावून सांगितली, की आमच्यात असं असतं, आमी बोलतो, तुमी मधी बोलू नका. मावशी म्हणाली, "बोला की." आणि आई बोलली. नळी दोनदा उपसल्यापासून, मावशी हात धरून बसल्यापासून, "मी बांधा म्हणलं" इथपर्यंत. पट्टी दवाखान्याची खरखरीत होती म्हणून मावशीनं स्वतःच्या जुन्या मऊ लुगड्याची फाडून आणली होती, हेही तिनं सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. फोटोत ते कापड बारीक फुलांचं दिसतं. मी तो फोटो कितीदा पाहिला होता. पत्रकात छापताना तर मोठा करून पाहिला होता.

"म्हणून आभार मानाय आले," आईनं संपवलं.

मावशी एवढा वेळ खरंच गप्प होती. मग म्हणाली, "झालं?"

"व्हय."

"ताई, राग मानू नका. हे तुमी मला सांगताय. मला तर ठावंच हाय. बांधा कोण म्हणलं, मला ठावं हाय. लुगडं कुणाचं, मला ठावं हाय. ज्येंला ठावं न्हाई त्येंला जाऊन सांगा. वॉर्डात सांगा. सिस्टरला सांगा. हितं माझ्या घरात बसून आभार, आन् तितं माझ्या नावानं पिवळा कागद. ह्यो कुठला न्याय?"

आईचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले. मला आईची बाजू घ्यायला हवी होती. पण मावशी बोलत होती ते बाबांच्या कुठल्याही पत्रकात शोभलं असतं. आम्हीही फ्लेक्सच लावायला आलो होतो, फक्त आमचा घराच्या आत लावायचा होता.

मावशी माझ्याकडे वळली. "लय चांगलं लिवलं हुतंस. खरं सांगते. माझ्या जावंला वाचून दाखिवलं, ती रडली. मी बी रडले. शेवटाला आल्यावर ध्येनात आलं, आरं, ही मीच की."

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"आन् तू?" ती म्हणाली. "तुझ्या आईनं मानलं. तुझं काय?"

इतक्या दिवसांचा नेम होता. स्थळ, दिवस, काय केलं. मी तोंड उघडलं, आणि मला कळलं की मला काहीच माहीत नाही. आठ दिवस मी तिथे नव्हते. या बाईनं काय काय केलं याची एकही ओळ माझ्याकडे नव्हती, आणि मोघम बोलायला परवानगी नव्हती.

"तुम्ही काय काय केलंत?" मी विचारलं. "मला माहीत नाही. मी तेव्हाही विचारलं नव्हतं."

मावशीनं सूप बाजूला ठेवलं.

"पयल्या दिशी त्येंनी मला नाव इचारलं," ती म्हणाली. "सांगितलं तर म्हणलं, बाई न्हाई म्हणायचो, सहकारी म्हणीन. आन् म्हणाय लागले. सहकारी, पाणी द्या. सहकारी, पंखा बंद करा. आख्खा वॉर्ड मला सहकारी म्हणाय लागला, डॉक्टर बी." ती एकदम हसली आणि थांबली. "भिंतीवरचा बोर्ड वाचून दाखवा म्हणायचे. 'शांतता राखा' वाचलं की म्हणायचे, कुणी राखा? कर्ता कुठाय? मला काय कळतंय. मग चौथ्या-पाचव्या दिशी बोलणं गेलं. पेन मागितला खुणेनं. दिला. चादरीवर लिवाय लागले."

"काय लिहिलं?" मी विचारलं.

"वाचता येत न्हवतं. रेघोट्या. निसत्या रेघोट्या. चादर बदलायची हुती, सिस्टर वराडली. मी एक दिस तशीच ठिवली. म्हणलं, पुरं हुंदे त्येंचं. दुसऱ्या दिशी नेली." मग तिनं पुढं सांगितलं, दाढी केली ते, पाठीला फोड येऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलली ते, चष्मा उशाखाली ठेवला तर फुटंल म्हणून आपल्या पिशवीत ठेवला आणि शेवटी आईच्या हातात दिला ते. ती आमच्यासारखीच नेमकं सांगत होती. मी प्रत्येक गोष्ट ऐकली. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी फक्त मनात ओळीमागून ओळ लिहून घेत होते.

तिनं चहा केला. प्यायलो. माफ केलं असं ती म्हणाली नाही. आम्ही माफी मागितलीही नाही. निघताना आई म्हणाली, "उद्या जातो वॉर्डात."

"जा," मावशी म्हणाली. "पर मला परत न्यायला सांगू नका. मी लाँड्रीतच बरी हाय. तितं कोण मरत न्हाई."

सोमवारी सकाळी आम्ही गेलो. मुक्काम स्टँडजवळ आईच्या चुलतबहिणीकडे केला होता. वॉर्डाच्या दारात मी तयार होते. रात्रीच मुद्दे काढले होते, पाच. आई म्हणाली, "तू बोलू नगंस."

"तुला नीट सांगता येणार नाही."

"न्हाई आलं तर न्हाई आलं. म्या म्हणलं हुतं बांधा, तू न्हवतं."

सिस्टर टेबलाशी चार्ट भरत होत्या. आजूबाजूला पेशंट, नातेवाईक, डबे. आई टेबलासमोर उभी राहिली. पदराचं टोक तिनं बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं झालं.

"सिस्टर, आमचं पेशंट हितं हुतं. सात नंबर कॉट. हात बांधलं हुतं. पत्रक निघालं त्येच्यावर. ते चुकीचं हाय. मावशीनं आपल्या मनानं न्हाई बांधलं. मी बांधा म्हणलं. ती न्हाई म्हणत हुती."

सिस्टरांनी वर पाहिलं. "आत्ता आठवलं होय?"

"तवा बी आठवत हुतं," आई म्हणाली. "बोलले न्हाई. माझं चुकलं."

आजूबाजूची दोन-तीन माणसं बघायला लागली. सिस्टर म्हणाल्या, "बरं. पण ते प्रकरण मिटलंय, ताई. लेखी द्यायचं तर ऑफिसात द्या."

आम्ही ऑफिसात दिलं. कागद मी लिहिला, आईनं सांगितला तसा. तिच्या वाक्यांत मी एकही शब्द घातला नाही. 'यंत्रणा' लिहायला हात दोनदा गेला, मागं घेतला. खाली आईनं सही केली आणि म्हणाली, तू बी कर, पत्रक तुझं हुतं. मी केली. कारकुनानं शिक्का मारला, एक प्रत आम्हाला दिली आणि पुढच्याला हाक मारली. कुणी मावशीला बोलावलं नाही, कुणी आमच्यावर ओरडलं नाही. पिवळे हजार कागद ज्यांच्या हातात गेले त्यांच्यापर्यंत हे कसं जाणार होतं? मी आईला म्हणाले, दुसरं पत्रक काढू, चूक झाली म्हणून. तसाच पिवळा कागद, तेवढ्याच प्रती, त्याच फाटकावर.

"काढ," आई म्हणाली. "पर आधी तिला इचार. तिला पुन्हा कागदावर यायचंय का न्हाई."

हे मला सुचलं नव्हतं.

नाताळच्या सकाळी चर्च भरलेलं होतं. शहरात कामाला असलेली सगळी घरं आली होती, नव्या साड्यांचा वास, पोरांचा गलका. गीतं झाली, शास्त्रपाठ झाला, पाळकसाहेबांचा संदेश लांबला. मग मेजावरचं पांढरं कापड त्यांनी काढलं. एकेक रांग उठून पुढे जायला लागली. मी जात नाही, हे मंडळीला माहीत आहे, माझ्या बाजूनं सगळे पाय आकसून जातात.

आमची रांग आली. आई बसून राहिली. पलीकडच्या बाई तिला ओलांडून गेल्या.

"जाऊ का गं?" तिनं मला विचारलं.

मला काय विचारतेस, असं म्हणणार होते. माझा त्या मेजाशी काय संबंध? पण ती खरंच विचारत होती. तिला विचारायला आता तिथे दुसरं कुणी नव्हतं. सगळं सरळ झालेलं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मावशी लाँड्रीत होती, कागद ऑफिसच्या फायलीत होता आणि बाबा नव्हते.

"तू बोललीस," मी म्हणाले. "वॉर्डात, सगळ्यांसमोर. मी होते तिथे. जा."

ती उठली. गुडघा दुखतो म्हणून बाकाला धरत धरत शेवटच्या माणसामागे उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती. पाळकसाहेबांनी तिला बघितलं आणि हात क्षणभर थांबवला, मग पुढे केला. मला त्या वेळी काही वाटलं असं मी सांगणार नाही, कारण ते खरं नसेल. मी बघत होते, एवढंच. प्रत्येक गोष्ट नीट बघत होते, कुणी विचारलं तर नेमकी सांगता यावी म्हणून.

आई परत आली, बसली, डोळे मिटले. प्रार्थना करत असेल असं मला वाटलं. थोड्या वेळानं ती माझ्या कानाशी आली.

"अगं, वॉर्डात सांगितलं ते तिला कुठं कळवलं आपुन?"

सोमवारी ऑफिसातून आम्ही तसेच गाडीला लागलो होतो. लाँड्री त्याच आवारात, मागच्या बाजूला, शंभर पावलांवर होती.

"नाही कळवलं," मी म्हणाले.

"मग?"

"उद्या जाऊ. शिक्क्याची प्रत दाखवू. पत्रकाचंही विचारू."

"आन् तुझं ऱ्हायलंय अजून," आई म्हणाली. "तू निसतं इचारून आलीस. मानलं न्हाईस."

पुढे शेवटचं गीत सुरू झालं होतं आणि सगळे उभे राहत होते. आई बाक धरून उठली. मीही उठले आणि तिला कराडची पहिली गाडी किती वाजता आहे ते विचारलं.